भिंतीत काय भरायचं

डॉक्टरांनी उंचीवर जायचं नाही असं स्पष्ट सांगितलं, त्याच संध्याकाळी आम्ही दोघं भिंतीत मेंढीची लोकर भरायची की लाकडाचा भुसा, यावरून भांडलो. भिंत अजून नव्हती. घरही नव्हतं. कुमाऊंमधल्या एका डोंगरउतारावर, सात हजार फुटांवर, नवऱ्याच्या हॉस्टेलमधल्या मित्राची सफरचंदाची बाग आहे. तिचा एक कोपरा त्याने आम्हाला देऊ केला होता, आणि तिथे एका खोलीचं घर बांधून निवृत्तीनंतर राहायचं असं आमचं, म्हणजे मुख्यतः नवऱ्याचं, ठरलं होतं. आणि आम्ही बसलो होतो दुबईत, अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये, एसी लावून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते हेच.

नवऱ्याची फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. कशामुळे, ते बऱ्याचदा कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भला माणूस होता, मल्याळी, हळू आवाजात हिंदी बोलायचा. औषधाने रोग थोडा मंदावेल, मागे फिरणार नाही. सपाटीवर राहा, विमानातसुद्धा ऑक्सिजन लागेल, पहाड भूल जाइए. नवऱ्याने किती वेळ आहे ते विचारलं तेव्हा डॉक्टरांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला आणि सगळ्यांचं वेगवेगळं असतं, असं काहीतरी सांगितलं. परतताना शेख झायेद रोडवर आम्ही ट्रॅफिकबद्दल बोललो. घरी आल्यावर तो जेवला, हात धुतले, जेवणाच्या टेबलावर घराचा नकाशा पसरला आणि म्हणाला, भुसा स्वस्त पडेल, पण वर्षभरात खाली बसतो, भिंतीच्या वरच्या भागात पोकळी राहते, ती दरवर्षी भरून घेऊ. मी म्हणाले, शिवाय पेट घेतो. मग झालं सुरू.

त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही ‘आता कशाला’ असं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ती सवयच पडली.

आम्ही दोघंही सामानाचीच माणसं. तो इमारतींच्या काचेच्या भिंतींचं डिझाइन करायचा, जवळजवळ तीस वर्षं, आजारामुळे नोकरी सोडावी लागेपर्यंत. मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका इंटिरियर कंपनीत खरेदी सांभाळते. टाइल्स, प्लायवूड, जिप्सम बोर्ड, दरवाज्यांच्या बिजागऱ्या. दुसऱ्यांच्या घरात काय लागावं हे ठरवण्यात आमचा जन्म गेला. स्वतःच्या घराला काय लागावं हे ठरवायची वेळ आलीच नाही, कारण इथे स्वतःचं असं काही नसतं. इथली नोकरी संपली की व्हिसा संपतो, म्हणून प्रत्येकाचं एक घर दुसरीकडे कुलूपबंद असतं. आमचंही आहे, ठाण्याला. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. त्याला ते घर कधीच आवडलं नाही. तो म्हणायचा, तिथेही खिडकीतून समोरच्या खिडकीतला एसीच दिसतो.

डोंगरावर आम्ही एकदाच गेलो होतो, मुलगी लहान असताना, जानेवारीत. मित्राच्या घराच्या छपरावर बर्फ होतं. नवरा तिथे गाढ झोपला. सकाळी म्हणाला, कितीतरी वर्षांनी कसल्याही मशीनच्या आवाजाशिवाय झोपलो. मी मात्र दोन रजयांखाली कुडकुडत होते. मी अलिबागची. पंचवीस डिग्रीला शाल शोधणारी बाई. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी मूग गिळून बसले. लग्नानंतर सासूबाईंसमोर त्याला ‘अहो’ म्हणायचे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ते गळून पडलं आणि ‘तू’ झालं. त्या ‘तू’च्या जोरावर मी त्याच्याशी कशावरूनही भांडत आले. या एका घरावरून मात्र कधी भांडले नाही. भांडले ते फक्त त्यात लागणाऱ्या सामानावरून.

सामान सगळं नैसर्गिक हवं, ही त्याची अट होती. काच, अॅल्युमिनियम, सिलिकॉन, याचा त्याला वीट आला होता. आपण गेल्यावर ते घर कोणी सांभाळलं नाही तर पंचवीस वर्षांत जमिनीत मिसळून गेलं पाहिजे, मागे कचरा राहता कामा नये, असं तो म्हणायचा. हे तो आजार कळण्याआधीपासून म्हणत होता, तेव्हा मला ते फार सुंदर वाटायचं.

दगड ठरलेलाच होता, कारण तो जागेवरच मिळतो. पण नुसता दगड थंड. कितीही जाड भिंत घातली तरी दगड अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून बाहेरून दगड, आतून लाकडाच्या फळ्या, आणि मध्ये काहीतरी उबदार भरायचं. दगड जोडायला सिमेंट नाही, माती आणि चुना. छपराला पत्रा नाही, तिथल्या पातळ दगडी पाट्या. त्या पाट्या जड, म्हणून खालचे वासे दणकट हवेत. वाशांना देवदार की चीड, म्हणजे तिकडचा पाइन, यावर आम्ही एक अख्खा रमजान घालवला. चीड स्वस्त, पण किडतो. नवा देवदार सहजासहजी मिळत नाही. मित्र म्हणाला जुना मिळेल, खालच्या गावातली अर्धी घरं बंद आहेत, पोरं दिल्लीला गेली, वासे विकतात. म्हणजे जे लोक ती थंडी टाकून आमच्यासारखे सपाटीवर आले, त्यांच्याच घरांची लाकडं घेऊन आम्ही तिथे चढणार होतो. मी हे त्याला बोलून दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, तू पर्चेसवाली आहेस, सेकंडहँड मालाचं तुला काय वावडं.

नमुने येत राहिले. सुट्टीवरून परतणाऱ्या ओळखीच्यांच्या बॅगेतून देवदाराचा एक तुकडा आला. एका पिशवीत माती आली. दगडी पाटीचा कोपरा आला. धुतलेल्या लोकरीचं एक गाठोडं आलं, त्याला धुऊनही मेंढीचा वास होता. त्या देवदाराच्या वासाने आणणाऱ्या बाईंच्या साड्या भरून गेल्या होत्या आणि त्या ही तक्रार आहे की कौतुक हे कळू न देता सांगून गेल्या. नवऱ्याने तो तुकडा उशाशी ठेवला.

एक नमुना मात्र येऊ शकला नाही. मित्राचं म्हणणं होतं की तुमच्या भिंतीला सगळ्यात उत्तम म्हणजे भांगेच्या काड्या चुन्यात कालवून केलेल्या विटा. हलक्या, उबदार, कीड नाही, आग नाही. तिकडे भांग बांधावर उगवते. तो उत्साहात म्हणाला, दोन विटा कुरिअर करतो. मी नवऱ्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. इथे खसखससुद्धा चालत नाही, अफूचं बी म्हणून. दिवाळीच्या आधी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही बजावतो की अनारसे आणा, पण खसखस न लावता. इथल्या मराठी पोरांना अनारशावर खसखस असते हेच माहीत नाही. आणि हा माणूस भांगेच्या विटा पाठवणार. नवरा म्हणाला, अगं त्या काडीत काही नसतं, बांधकामाचा माल आहे. मी म्हटलं, हे एअरपोर्टवर अरबीत सांगशील का? त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही फोनवर त्या विटांना ‘ते हिरवं’ म्हणत होतो. शेवटी हातात न घेतलेली वस्तू भिंतीत घालायची नाही, असं त्यानेच ठरवलं, आणि उरले लोकर आणि भुसा.

यातला निकाल लावायला त्याने ऑगस्टमध्ये बाल्कनीत एक प्रयोग केला. प्लायवूडचे दोन छोटे खोके. प्रत्येकात आतून आणखी एक खोका, मधल्या जागेत एकात लोकर, दुसऱ्यात भुसा. आत एकेक वाटी बर्फ. ज्याचं बर्फ जास्त टिकेल ते सामान चांगलं. बाहेर ऑगस्टमधली दुबई, दमट, भट्टीसारखी. तेव्हा त्याला घरात मशीन लावून ऑक्सिजन घ्यावा लागायला सुरुवात झाली होती. तो दाराच्या काचेआड नळी लावून खुर्चीवर बसायचा आणि मी बाहेर घामाने निथळत खोक्यांची झाकणं उघडून बघायची. पहिल्या दिवशी दोन्हींतलं भरण ओलं झालं. तो म्हणाला, साहजिक आहे, बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार पडली की पाणी सोडते. मग त्याने दोन्ही खोक्यांना बाहेरून मेणकागद गुंडाळायला लावला. भरण कोरडं राहिलं. लोकर जिंकली. तो इतका खूश झाला की त्याने मुलीला हाक मारून खोका दाखवला. ती म्हणाली, “नाइस, बाबा,” आणि त्याच्या नळीकडे बघून आत गेली.

मीही खूश झाले. हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ते वाटीभर बर्फ टिकलं म्हणून मला वाटलं, काहीतरी टिकतंय.

त्याने नकाशात भिंतीचा छेद पक्का केला. बाहेरून दगड, मग मेणकागदाचा थर, मग लोकर, मग आतून देवदार. स्वच्छ, बारीक, त्याच्या पूर्वीच्या कामासारखी रेघ. फोटो काढून मित्राला पाठवला. मित्र तिकडच्या कॉलेजात शिकवतो, स्वतःचं घर त्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. त्याचा फोन आला. आधी बागेबद्दल बोलला, मग माकडांबद्दल, आणि मग म्हणाला, “यार, ये कागज तूने उल्टी तरफ लगाया है. हमारे यहाँ सर्दी में नमी बाहर से नहीं आती. अंदर से आती है. चूल्हा, चावल, और हमारी साँस.”

कागद आतल्या बाजूला हवा होता. थंड मुलखात गरम आणि ओलसर हवा असते ती घराच्या आत. ती भिंतीत शिरते, बाहेरच्या गार दगडाशी पोचते आणि पाणी होते. कागद बाहेरून लावला तर ते पाणी अडकतं. लोकर भिजून बसली असती आणि दोन हिवाळ्यांत देवदार आतून कुजला असता. मित्राने हे अगदी सहज सांगितलं, जसं एखाद्याला शर्टाचं बटण चुकलंय असं सांगावं. नवरा म्हणाला, “हाँ, हाँ, सही बात है,” आणि कॉल संपला.

दुरुस्ती म्हणजे एक रेघ इकडची तिकडे करायची, एवढंच काम होतं. त्याने ती केली नाही. नकाशा टेबलावर तसाच पडून राहिला, आणि आम्ही त्याच्या कडेला ताटं ठेवून जेवलो. मला आधी वाटलं, चूक झाली म्हणून रुसलाय. त्याचा स्वभाव तसाच, साइटवर कोणी त्याची चूक काढली की घरी येऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणायचा. पण या वेळी तो आमटीबद्दल काही बोलला नाही. तीन-चार दिवसांनी मी ऑफिसातून आले तेव्हा तो खिडकीशी बसला होता. मी विचारलं नसतानाच म्हणाला, “इथली भिंत मी डोळे मिटून काढतो. उष्णता बाहेर, दमटपणा बाहेर, सगळं बाहेर ठेवायचं. आयुष्यभर तेच केलं. तिथली भिंत मला येतच नाही ग. मी त्या जागेचा माणूसच नाही.”

मी म्हटलं, अरे, एक कागद तर होता. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. राग त्याचा नाही. ज्या शहराने या माणसाला तीस वर्षांत फक्त आपल्याच हवेसाठी घडवलं आणि आता माझ्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ म्हणून ठेवून घेतलं, त्याचा. पण शहरावर रागावून काय होणार? मी आत जाऊन कुकर लावला.

मुलगी त्या रात्री जेवताना म्हणाली, “व्हाय डोन्ट यू टू जस्ट टॉक टू ईच अदर?” मी म्हटलं, बोलतोय की, दिवसभर बोलतोय. ती म्हणाली, “अबाउट वुल, आई.” आणि ताट उचलून गेली. तिला मराठी समजतं, ती बोलत नाही, पण लागेल ते नेमकं बोलते.

ऑक्टोबरात मित्राचा निरोप आला. बर्फ पडायच्या आत दगड आणून रचून ठेवायला हवा, पाया खणायला उन्हाळ्यात माणसं मिळतील. हो की नाही ते सांग. नवरा म्हणाला, सांगतो. त्याने नकाशा परत हातात घेतला. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारणीला आपणहून चहाला बोलावलं. तो दोन-तीन संध्याकाळी काम करत बसला, मध्ये मध्ये थांबून, नळी सारखी करत. कागद आतल्या बाजूला गेला. बाकीही बरंच काही खोडून परत काढलेलं होतं.

शुक्रवारी तो झोपलेला असताना मी तो नकाशा नीट पाहिला. ओटा खाली आला होता. आधी तो त्याच्या उंचीचा होता, कारण ‘तिथे स्वयंपाक मी करणार, तू फक्त शेकोटीजवळ बसायचंस’ अशी त्याची घोषणा होती. तो चांगला उंच आहे, मी त्याच्या खांद्याला लागते. फळ्या खाली आल्या होत्या. जळणाच्या लाकडांची जागा दाराबाहेरून दाराच्या आत आली होती, म्हणजे बर्फात बाहेर जावं लागू नये. आणि खोलीच्या कोपऱ्यात जिथे डबल कॉट होती तिथे एक अरुंद कॉट होती, भिंतीला लागून.

मी टेबलाशी बसून राहिले. तो उठून आला तेव्हा चहा केला नव्हता.

“ओटा खाली का आणलास?” मी विचारलं.

“तुला उंच पडला असता.”

“तिथे स्वयंपाक तू करणार होतास.”

तो माझ्या समोर बसला. मशीनची नळी खुर्चीच्या पायात अडकली होती ती त्याने सोडवली. मग म्हणाला, इथला तुझा व्हिसा नोकरी आहे तोवर. ठाण्याच्या घरी तुझं मन लागणार नाही. मुलगी कुठे जाईल सांगता येत नाही. तुझं म्हणून एक घर असावं, चांगल्या सामानाचं, एवढंच.

“मी तिथे एकटी राहणार नाही,” मी म्हणाले. “एक दिवससुद्धा नाही. मला थंडी सोसत नाही. कधीच सोसली नाही.”

“मग इतके महिने लोकरीसाठी का भांडत होतीस?”

“तू भांडत होतास म्हणून.”

तो हसला. खरंच हसला, आणि त्या हसण्याने खोकला आला, आणि मला उठून त्याची पाठ धरावी लागली. शर्टातून त्याच्या फासळ्या हाताला लागत होत्या. खोकला थांबल्यावर त्याने फोन मागितला. मी नको म्हणाले, उद्या कर. त्याने हात पुढेच ठेवला.

मित्राने लगेच उचलला. नवरा म्हणाला, पत्थर मत गिरवाना. मित्राने कारण विचारलं. आत्तापर्यंत त्याला आम्ही इतकंच सांगितलं होतं की तब्येत जरा बरी नाही. नवऱ्याने पहिल्यांदाच कोणालातरी सगळं सांगितलं, दोन-तीन वाक्यांत, दम खात. मग मित्र म्हणाला, अगले सीज़न में देखते हैं, तू आराम कर, कोना तेरा ही है. नवरा म्हणाला, “नहीं यार. खलास. वहाँ पेड़ लगा दे.” तो हे इतक्या मऊ आवाजात म्हणाला की जणू मित्राचीच समजूत काढत होता.

फोन ठेवल्यावर मी नकाशाची गुंडाळी केली. लोकरीचं गाठोडं, मातीची पिशवी, दगडी पाटीचा कोपरा, सगळं एका खोक्यात घातलं आणि खोका पलंगाखाली सरकवला. टेबल पुसलं. किती महिन्यांनी ते पूर्ण रिकामं झालं होतं. चहा केला. खाली मशिदीत मगरिबची, सूर्यास्ताची, अजान झाली. आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायलो, आणि कप रिकामे झाले तरी तसेच बसलो.

“आता रोज संध्याकाळी काय करायचं आपण?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, मला नाही माहीत.

मशीनची घरघर चालू होती. तो टेबलाच्या लाकडावरून बोट फिरवत होता. मग मान वर न करता म्हणाला, “मला भीती वाटते ग.”

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून हे वाक्य घरात होतं, आणि त्याच्यावर आम्ही दोघं दगड, माती, लोकर रचत आलो होतो. आता रचायला काही उरलं नव्हतं. मी त्याला धीराचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि जे आलं तेच बोलले.

“मलाही,” मी म्हणाले.